सुनेच्या अंगठीत लॅबचा हिरा चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा : कोथरूडच्या एका ताईंच्या मुलाचा साखरपुडा दोन महिन्यांवर आलाय. होणाऱ्या सुनेच्या अंगठीसाठी त्यांनी ३ लाख रुपये बाजूला ठेवलेत. सून हिंजवडीत नोकरी करते. तिचं म्हणणं, लॅबमध्ये तयार केलेला हिरा घ्या, मोठा येईल आणि पैसेही उरतील. यजमान म्हणतात, ‘लॅबचा म्हणजे अमेरिकन डायमंड. आपल्या घरात खोटा हिरा नको.’ आणि शेवटी एक जोडप्रश्न : सासूबाईंच्या हिऱ्याच्या कुड्या काळवंडल्यामुळे घरात नुसत्या पडून आहेत, त्या मोडीत देऊन खाणीतलाच मोठा हिरा घ्यावा का?

ताई, आधी कुड्यांचं सांगते. त्या मोडीसाठी कुठेही काढून देऊ नका. का, ते पुढे येईलच. पण अंगठीचा निर्णय चुकला तर सुधारता येतो, मोडलेल्या कुड्या परत येत नाहीत, म्हणून हे पहिल्या ओळीत.

आता यजमानांची शंका. मी २६ वर्षं रत्नपरीक्षणाचं काम करते. माझे वडील रविवार पेठेत खडे बसवण्याचं काम करायचे, सोन्या मारुती चौकातल्या सराफांकडून त्यांच्याकडे माल यायचा. ‘खोटा हिरा’ हा शब्द मी त्यांच्या पाटाशेजारी बसून ऐकला आणि त्याचा अर्थ तेव्हा अगदी पक्का होता : काच, पांढरा पुखराज, आणि नंतर अमेरिकन डायमंड. अमेरिकन डायमंड म्हणजे क्यूबिक झिर्कोनिया, झिर्कोनियम या धातूचं ऑक्साइड. १९७६ च्या सुमाराला तो दागिन्यांच्या बाजारात आला. त्यात कार्बनचा कणही नाही. त्याच मापाच्या हिऱ्यापेक्षा तो दीडपटीहून जड भरतो, कठीणपणात मोहस् मापावर ८ ते ८.५ च्या आसपास येतो, त्यामुळे रोज वापरला की पैलूंच्या कडा बोथट होतात आणि खडा धुरकट दिसू लागतो. दुसरा म्हणजे मॉइसनाइट. हे सिलिकॉन कार्बाइड, कठीणपणा ९.२५, चमक हिऱ्याहूनही रंगीबेरंगी. भिंगातून जरा तिरकं पाहिलं की त्याच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हे दोन्ही खडे हिरे नाहीत. ‘मॉइसनाइट डायमंड’ अशी जाहिरात दिसली तर त्यातल्या दुसऱ्या शब्दावर विश्वास ठेवू नका.

लॅबचा हिरा मात्र हिराच आहे. तोच कार्बन, अणूंची तीच मांडणी, कठीणपणा १०, घनता ३.५२, प्रकाश वाकवण्याची ताकदही तीच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द काढून टाकला तो याच कारणाने. लॅबचा हिरा विकताना तो लॅबचा आहे हे स्पष्ट सांगायचं, ही अट मात्र कायम राहिली. यजमानांना एवढंच सांगा की खडा खोटा नाही. खोटेपणा शिरलाच तर तो सांगण्यात शिरतो.

तो बनतो कसा, हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. दोन पद्धती आहेत. पहिली उच्च दाब आणि उच्च तापमानाची, तिला बाजारात एचपीएचटी म्हणतात. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४ मध्ये या पद्धतीने हिरा तयार झाला, तेव्हाचे कण उद्योगात घासायला-कापायला वापरण्याजोगे होते. खडीसाखर दोऱ्यावर कशी धरते ते आठवा. पाकात साखर विरघळलेली असते आणि दोऱ्याच्या आधाराने तिचे स्फटिक वाढत जातात. इथे पाकाच्या जागी वितळलेलं लोखंड, निकेल, कोबाल्ट, त्यात विरघळलेला कार्बन, आणि दोऱ्याच्या जागी हिऱ्याचंच एक बारीक बी. फक्त हा पाक सुमारे १३०० ते १६०० अंश सेल्सिअसला आणि वातावरणाच्या पन्नास-साठ हजार पट दाबाखाली ठेवावा लागतो. चीनच्या हनान प्रांतात अशा प्रेसचे मोठे कारखाने आहेत.

दुसरी पद्धत सीव्हीडी, आणि सुरतेत प्रामुख्याने ही चालते. माझी आजी तेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी धरून काजळ पाडायची. ते काजळही कार्बनच, ज्योतीतून निघून वाटीवर बसलेला. सीव्हीडी यंत्रातही कार्बन असाच वायूतून येऊन बसतो. बंद कक्षात हिऱ्याच्या पातळ चकत्या मांडतात, मिथेन आणि हायड्रोजन सोडतात, मायक्रोवेव्हने त्या वायूचा तापलेला गोळा करतात. मिथेनमधला कार्बन सुटून चकतीवर बसतो. त्यातला जो काजळीसारखा बसू पाहतो त्याला हायड्रोजन खाऊन टाकतो, आणि हिऱ्याच्या मांडणीत बसलेला तेवढा टिकतो. तासाला काही मायक्रॉन, असं करत काही आठवड्यांत पैलू पाडण्याजोगा ठोकळा तयार होतो. त्याच्या कडेची काळी साल लेसरने कापून काढतात आणि मग तो ठोकळा खाणीतला हिरा जिथे जातो तिथेच, त्याच घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या फिरत्या चाकावर, त्याच रत्नकलाकाराच्या हातात जातो. हिरा फक्त हिऱ्याच्या भुकटीनेच घासला जातो, लॅबचा असो की खाणीतला.

सरकारनेही या धंद्याला हात दिला आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात लॅबचा हिरा ज्यावर वाढवतात त्या बियांवरचं आयातशुल्क ५ टक्क्यांवरून शून्यावर आणलं, आणि आयआयटी मद्रासला संशोधनासाठी पाच वर्षांत २४२ कोटी रुपये मंजूर केले. त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला ७.५ कॅरटचा हिरा भेट दिला, तोही लॅबचाच होता.

आता खाणीतल्या हिऱ्याचं. तो जमिनीखाली साधारण १५० ते २०० किलोमीटर खोल तयार होतो. बहुतेकांचं वय एक अब्ज ते साडेतीन अब्ज वर्षं. ज्वालामुखीच्या एका खास प्रकारच्या उद्रेकात, किंबरलाइट नावाच्या खडकाबरोबर तो वर येतो. आपल्याकडे कृष्णेच्या खोऱ्यात, गोवळकोंड्याच्या राज्यातल्या कोल्लूरसारख्या खाणींत नदीच्या गाळातून हिरे निघायचे. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा म्हणजे जवळजवळ भारतातलाच माहीत होता. आज मध्य प्रदेशात पन्ना इथे खाण आहे.

ही एवढी वर्षं खड्यावर एक खूण सोडतात, आणि आमचं सगळं परीक्षण त्या खुणेवर उभं आहे. पृथ्वीच्या पोटात कार्बनबरोबर थोडा नायट्रोजनही हिऱ्यात अडकतो. सुरुवातीला हे अणू सुटेसुटे असतात. कोट्यवधी वर्षं त्या उष्णतेत राहिल्यावर ते हळूहळू सरकतात, एकमेकांजवळ येतात, जोड्या आणि गट करतात. खाणीतल्या बहुतांश हिऱ्यांत हे गट सापडतात. यंत्रात काही आठवडे वाढलेल्या हिऱ्याला तेवढी सवडच मिळालेली नसते. सीव्हीडी हिऱ्यात तर नायट्रोजन जवळजवळ नसतोच, अशा हिऱ्याला आम्ही टाइप २ए म्हणतो. निसर्गात हा प्रकार दोन टक्क्यांहूनही कमी. गोवळकोंड्याचे नावाजलेले, पाण्यासारखे स्वच्छ हिरे याच प्रकारातले. म्हणून तपासणीचं यंत्र एखाद्या खड्याला ‘पुढे तपासा’ असं म्हणालं तर तो लगेच लॅबचा ठरत नाही. त्याला मोठ्या प्रयोगशाळेत अतिनील प्रकाशाखाली ठेवून तो कसा वाढला याचा नकाशा पाहावा लागतो. सीव्हीडीत थरांच्या रेघा दिसतात, एचपीएचटीत वेगळ्या आकाराचे कप्पे, आणि दिवा विझल्यावरही काही खडे काही वेळ उजळत राहतात.

यातलं काही डोळ्यांनी दिसत नाही. दहापट भिंगातूनही नाही, माझ्यासारखीला २६ वर्षांनंतरही नाही. वाफ सोडून बघणं, वर्तमानपत्राची अक्षरं खड्यातून वाचणं, पाण्याचा थेंब ठेवणं, हे उपाय लोक मला उत्साहाने सांगतात. त्यांनी फार तर काच ओळखता येईल. दुकानात पेनासारखं उपकरण खड्याला टेकवतात आणि ते पिकपिक करतं, ते उष्णता किती पटकन वाहते ते मोजतं. दोन्ही हिरे त्यात हिरेच ठरतात. साधं पेन असेल तर मॉइसनाइटही हिरा ठरतो. ‘बघा ताई, मशीनने हिरा दाखवला’ असं कुणी म्हटलं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही असं समजा.

यात माझीही चूक झालेली आहे, ती सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या पाटल्यांसाठी बारीक हिऱ्यांची पुडी मी पास केली. पुडी ओळखीच्या व्यापाऱ्याकडची, १४० नग, प्रत्येक दोन-तीन सेंटचा. सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग. नेहमीप्रमाणे भिंगाखाली स्वच्छता पाहिली, रंग जुळवला, कारागिराकडे दिली. सहा महिन्यांनी तपासणीचं नवं यंत्र आलं, म्हणून सवय व्हावी यासाठी हाताशी असलेला माल त्यावरून घालत होते, आणि त्या पाटल्या पॉलिशला आलेल्या होत्या. अकरा खडे लॅबचे निघाले. पैशाच्या हिशेबात फरक फार मोठा नव्हता. पण मी त्या बाईंना ‘सगळे खाणीतले’ असं लिहून दिलं होतं आणि ते खरं नव्हतं. मी त्यांना बोलावून सांगितलं, खडे बदलून दिले, आणि त्या दिवसापासून एक सेंटाचा खडाही यंत्रावरून गेल्याशिवाय मी लिहून देत नाही. म्हणून सांगते, मोठ्या खड्याला प्रमाणपत्र असतं म्हणून आपण निर्धास्त होतो, पण त्याच्या भोवतीच्या बारीक खड्यांना ते नसतं. सगळ्यात जास्त मिसळ तिथेच होते. अंगठीला बाजूने बारीक हिरे असतील तर तेही काय आहेत हे विचारा.

आता पैशाचं, कारण तुमचा मूळ प्रश्न तिथेच आहे.

खाणीतल्या हिऱ्याचा भाव सरळ रेषेत वाढत नाही. अर्ध्या कॅरटचा हिरा एक रुपयाला असेल तर त्याच प्रतीचा एक कॅरटचा दोन रुपयांना येत नाही, तीन-चार रुपये पडतात, कारण मोठा स्वच्छ खडा निसर्गात कमी सापडतो. दुर्मीळपणाचे पैसे भावात मिसळलेले असतात. लॅबच्या हिऱ्यात हा भागच नाही. २०१८ मध्ये खाणीतल्या हिऱ्यांची सगळ्यात प्रसिद्ध कंपनी डी बिअर्स लाइटबॉक्स नावाने लॅबचे हिरे विकायला लागली, तेव्हा त्यांनी भाव लावला पाव कॅरटला २०० डॉलर आणि एक कॅरटला ८००. म्हणजे सरळ वजनावर, साखर विकावी तसा. तेव्हा अनेकांना हे विचित्र वाटलं. मला त्यात त्या वस्तूचा खरा स्वभाव दिसला : जितकी यंत्रं तितका माल, आणि यंत्रं वाढतच जाणार. २०२४ मध्ये तोच भाव कॅरटला ५०० डॉलरवर आला आणि २०२५ मध्ये कंपनीने हा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडचं चित्रही तेच. दहा वर्षांपूर्वी लॅबचा हिरा खाणीतल्यापेक्षा थोडाफार स्वस्त असायचा. आज चांगल्या प्रतीचा एक कॅरटचा लॅबचा हिरा त्याच प्रतीच्या खाणीतल्या हिऱ्याच्या साधारण दहाव्या भागात मिळू शकतो, काही ठिकाणी त्याहूनही कमी.

एक गृहस्थ गेल्या वर्षी माझ्याकडे आले होते. २०१९ मध्ये त्यांनी बायकोच्या पन्नाशीला दीड कॅरटचा लॅबचा हिरा घेतला होता, १ लाख ८० हजारांना. त्या दुकानात त्यांना सांगितलं होतं की ‘हा नवीन प्रकार आहे, भाव वाढणार.’ आता मुलीच्या फीसाठी विकायचा होता. ज्याने विकला त्याने परत घ्यायला नकार दिला. मी पाहिलं तेव्हा तसाच नवा खडा चाळीस हजारांच्या आसपास मिळत होता, मग जुन्याला कोण काय देणार? खडा उत्तम होता, चमकत होता, त्यात काही बिघडलं नव्हतं. त्यांना फक्त चुकीचं सांगून विकला होता. ते गप्प बसून राहिले आणि मलाही काय बोलावं सुचेना.

मात्र यावरून खाणीतला हिरा म्हणजे ठेव, असं समजू नका. तोही दुकानातून बाहेर पडला की विकताना खरेदीची किंमत सहसा येत नाही. ज्या दुकानाचं बिल त्याच दुकानात बदलायला गेलात तर ठरलेली टक्केवारी मिळते, दुसरीकडे गेलात तर बरीच कमी. शिवाय २०२२ नंतर खाणीतल्या हिऱ्यांचे भावही चांगलेच उतरले आहेत, आणि त्याचं एक कारण लॅबचे हिरेच आहेत. सोन्यासारखा रोजचा जाहीर भाव हिऱ्याला नाही. म्हणून ठेवीसाठी सोनं घ्या, हिरा घालण्यासाठी घ्या. फरक एवढाच की खाणीतला हिरा काही किंमत राखतो, आणि लॅबचा पुढे विकून काही येईल असं गृहीत धरूच नये. भारी पैठणी घेताना ती पुढे विकून काय येईल असा विचार आपण करत नाही, तसा.

रंग आणि स्वच्छतेच्या अक्षरांबद्दल. डी, ई, एफ म्हणजे पूर्ण पांढरा. व्हीव्हीएस म्हणजे भिंगातूनही डाग शोधावा लागेल असा, व्हीएस म्हणजे भिंगातून दिसेल, डोळ्यांना नाही. खाणीतल्या हिऱ्यात ही प्रत्येक पायरी चढताना भाव उडी मारतो. लॅबच्या हिऱ्यात वरच्या पायऱ्या सहज मिळतात. हिऱ्यांची प्रत ठरवून प्रमाणपत्र देणाऱ्या जीआयए या संस्थेने २०२५ मध्ये हे उघड मान्य केलं : बाजारात येणारे ९५ टक्क्यांहून जास्त लॅबचे हिरे रंग आणि स्वच्छतेच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात बसतात. म्हणून ऑक्टोबर २०२५ पासून त्यांनी लॅबच्या हिऱ्यांना ही अक्षरं देणं थांबवलं आणि ‘प्रीमियम’ व ‘स्टँडर्ड’ असे दोनच वर्ग ठेवले. आपल्याकडे दुकानांत जास्त दिसणारी आयजीआय या दुसऱ्या संस्थेची प्रमाणपत्रं मात्र जुन्या पद्धतीची अक्षरं देतात. तेव्हा ‘डी कलर, व्हीव्हीएस वन’ असं ऐकून लॅबच्या हिऱ्याला जास्त पैसे मोजू नका. एफ रंग आणि व्हीएस स्वच्छता तुमच्या सुनेच्या बोटावर अगदी तशीच दिसेल.

पैसे आणि लक्ष दोन्ही कटवर, म्हणजे पैलू किती नेमके पाडलेत त्यावर घाला. गोल हिऱ्यात प्रमाणपत्रावर कट, पॉलिश आणि सिमेट्री तिन्ही एक्सलंट किंवा आयडियल असावेत. आणि त्यावर न थांबता खडा दुकानातल्या झगझगीत दिव्यांखालून बाहेर काढून खिडकीशी, दिवसाच्या साध्या उजेडात बघा. जुने सराफ ‘हिऱ्याचं पाणी’ म्हणायचे ते तिथे दिसतं. लॅबच्या हिऱ्यांचे काही दोष प्रमाणपत्रावर येत नाहीत : सीव्हीडीत कधी तपकिरी झाक किंवा हलका धुरकटपणा, एचपीएचटीत कधी निळसर छटा. शेजारी दुसरा चांगला हिरा ठेवून पांढऱ्या कागदावर उलटा करून पाहिला की ही झाक कळते. प्रमाणपत्रात शेरा वाचा. ‘वाढीनंतर प्रक्रिया केलेली असू शकते’ असं लिहिलेलं बऱ्याचदा असतं. याचा अर्थ तपकिरी खडा पुन्हा तापवून पांढरा केलेला असू शकतो. तो रंग टिकतो, घाबरण्यासारखं काही नाही, पण त्यासाठी वरचढ भाव देऊ नका.

सून पर्यावरणाचंही कारण सांगत असेल. तिची तळमळ खरी आहे आणि मला ती आवडते, पण उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. खाणीसाठी डोंगरच्या डोंगर हलतात. हिऱ्याच्या पैशावर लढली गेलेली युद्धं खरी आहेत. २००३ पासूनची किंबरली ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था बंडखोर गटांच्या कच्च्या हिऱ्यांपुरतीच पाहते, मजुरांची स्थिती किंवा नदीचं नुकसान तिच्या कक्षेत येत नाही. दुसऱ्या बाजूला बोट्स्वाना या देशाने हिऱ्यांच्या पैशातून शाळा, रस्ते, दवाखाने उभे केले, आणि भाव पडल्यावर त्याची झळ त्याच लोकांना बसते आहे. लॅबच्या यंत्रांना आठवडेच्या आठवडे अखंड वीज लागते, आणि आपल्या देशातली बहुतांश वीज अजून कोळशाची आहे. काही कारखाने सौरऊर्जेवर चालतात, सगळे नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या त्याच फेडरल ट्रेड कमिशनने काही कंपन्यांना जाहिरातींबद्दल पत्रं पाठवून ‘पर्यावरणपूरक’ असे मोघम दावे करू नका असंही बजावलं होतं. सुनेला हे कारण महत्त्वाचं असेल तर तिने कारखान्याची वीज कुठून येते ते विचारावं. दुकानदाराला सांगता आलं नाही तर तो दावा धरू नये.

पत्रिकेसाठी हिरा, म्हणजे शुक्रासाठी घालायचा असेल तर लॅबचा चालतो का, हेही मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. रसायन एकच, एवढंच मी सांगू शकते. पुढचं तुमच्या गुरुजींना विचारा.

मग तुमच्या बाबतीत काय करावं? माझं मत स्पष्ट आहे : सुनेचं ऐका. अंगठी ती घालणार आहे, तिला काय घ्यायचं ते तिला माहीत आहे, आणि सासरचे आपलं ऐकतात ही जाणीव तिला पहिल्याच प्रसंगात मिळेल. पण दोन-तीन कॅरटच्या मागे लागू नका. दोन कॅरटचा गोल हिरा सुमारे ८ मिलिमीटरचा असतो. रोज गाडीवरून जाणाऱ्या, हातमोजे घालणाऱ्या, दिवसभर कीबोर्डवर बोटं चालवणाऱ्या मुलीला तो उंच खडा नडतो, ओढणीत अडकतो, आणि दोन महिन्यांत अंगठी कपाटात जाते. एक कॅरटचा साधारण ६.५ मिलिमीटरचा. माझ्या अनुभवात पाऊण ते सव्वा कॅरट हे माप आपल्या मुलींच्या हाताला शोभतं आणि रोज घातलं जातं. १८ कॅरट सोन्यात, बैठक खाली ठेवून, चारऐवजी सहा नखांत, म्हणजे खडा धरणाऱ्या सोन्याच्या आकड्यांत बसवा. उरलेल्या पैशाचं तिच्या नावाने सोनं घ्या, नाहीतर दोघांच्या नावाने ठेव करा. यजमानांना ‘काहीतरी टिकाऊ द्यावं’ असं वाटत असेल तर ती त्यांची इच्छा त्या सोन्यातून पुरी होते.

आणि जर सगळ्यांचं मत बदलून खाणीतलाच घ्यायचा ठरला, तर आकार लहान घ्या आणि प्रत चांगली घ्या. अर्ध्या कॅरटचा सुंदर कापलेला हिरा एक कॅरटच्या पिवळसर, डागाळलेल्या हिऱ्यापेक्षा कायम उजवा दिसतो.

हिरा कुठलाही असो, हातोडीने तो फुटतो. ‘खरा हिरा ऐरणीवर फुटत नाही’ ही समजूत चांगल्या चांगल्या खड्यांना भोवलेली आहे. हिरा ओरखड्याला दाद देत नाही, पण विशिष्ट दिशांना फटका बसला तर सरळ दुभंगतो. किचनच्या ओट्यापाशी काम करताना, जिममध्ये वजनं उचलताना अंगठी काढून ठेवायला तिला सांगा.

बिलाबद्दल एवढं पाहा. ‘लॅबोरेटरी ग्रोन’ किंवा ‘प्रयोगशाळेत तयार केलेला’ हे शब्द बिलावरच हवेत, नुसतं ‘डायमंड’ चालणार नाही. बाजूच्या बारीक हिऱ्यांचंही तसंच. सोन्याचं निव्वळ वजन आणि हिऱ्याचं वजन वेगळं लिहिलेलं असावं. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि ढोबळ वजनावर सोन्याचा भाव लावला तर तेवढं सोनं तुम्ही न घेता त्याचे पैसे देता. घडणावळ किती, तेही वेगळं. या सगळ्यावर मिळून ३ टक्के जीएसटी. हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, एचयूआयडी, बीआयएस केअर ॲपवर तिथेच उभ्या उभ्या तपासा, पण तो सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल एक अक्षर सांगत नाही. खड्याची खूण खड्याच्या कडेवर, गर्डलवर असते : प्रमाणपत्राचा क्रमांक लेसरने कोरलेला. आयजीआयच्या लॅबच्या हिऱ्याच्या क्रमांकाआधी ‘एलजी’ ही अक्षरं येतात. दुकानदाराकडून भिंगाखाली तो क्रमांक दाखवून घ्या आणि प्रमाणपत्राशी ताडून बघा. खडा बसवण्याआधी बघितला तर उत्तम, नंतर कधी नखाखाली क्रमांक झाकला जातो. परत घेण्याची किंवा बदलून देण्याची जी काही अट तोंडी सांगतील ती बिलामागे लिहून घ्या. ‘काही परत मिळणार नाही’ असं सांगणारा दुकानदार मला जास्त विश्वासाचा वाटतो.

आता कुड्या. तुमच्या सासूबाईंना त्या लग्नात मिळाल्या असतील तर साठ-सत्तर वर्षांच्या असाव्यात. त्या काळात दागिन्यात घालण्याजोगा लॅबचा हिरा अस्तित्वातच नव्हता, तेवढ्या प्रतीचे पहिले खडे १९७० च्या सुमाराला प्रयोगशाळेत झाले. म्हणजे त्यात हिरे असतील तर ते खाणीतलेच, फक्त मधे कधी खडा पडून दुसरा बसवलेला नाही ना, एवढं बघायचं. मोडीत दिल्या तर सोन्याचं वजन धरतील आणि खड्यांना ‘जुना कट आहे, चमक नाही, किंमत येत नाही’ म्हणून जवळजवळ काही देणार नाहीत. ते जुने कट हाताने, डोळ्यांच्या अंदाजाने पाडलेले असतात. निरांजनाच्या उजेडात त्यांचं तेज नव्या हिऱ्यांपेक्षा वेगळं, मऊ दिसतं. सात खड्यांचं ते फूल आज नव्याने करायला गेलात तर तसे खडे जुळवणं फार अवघड जाईल.

तुम्ही लिहिलंय की त्या काळवंडल्या आहेत म्हणून कुणी घालत नाही. एक विनंती : रिठ्याच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवू नका. जुन्या कुड्यांचं कोंदण पुष्कळदा मागून बंद असतं आणि खड्याखाली वर्ख घातलेला असतो. आत पाणी गेलं की वर्ख काळा पडतो आणि खडा कायमचा मेल्यासारखा दिसतो. कोरड्या मऊ ब्रशने वरवर साफ करा. मग जुन्या जडावाचं काम येणाऱ्या कारागिराकडे नेऊन, तुमच्यासमोर, फक्त दोन गोष्टी करून घ्या : सैल झालेले खडे दाबून घेणं आणि मागच्या फिरक्या नव्या लावणं. दीड-दोन तासांचं काम आहे. साखरपुड्याच्या दिवशी त्या तुम्हीच कानात घाला.